नदीकाठचा एक दिवस: जाहिरातीत बाराशे, खिशातून किती?

रविवारी सकाळी गिरगावातून निघायचं, शांत नदीकाठच्या कॅम्पवर दिवस काढायचा आणि रात्री घरी येऊन झोपायचं, असा बेत असेल तर आधी हिशेब बघा. चार मोठी माणसं, सात आणि चार वर्षांची दोन मुलं. कॅम्पचा जाहिरातीतला दर माणशी १,२०० रुपये, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना निम्मा, पाचच्या आत फुकट. म्हणजे ५,४०० रुपये. हाच आकडा धरून तुम्ही घरात विषय काढता.

आता पुढचं मोजा. पाच टक्के जीएसटीचे २७०. लाइफ जॅकेटचं भाडं शंभर रुपये धरलं तर पाच जणांचे ५००. कयाक किंवा होडीच्या फेरीचे माणशी दोनशेप्रमाणे १,०००. स्टेशन ते कॅम्प आणि परत, दोन रिक्षा, एका फेरीला साडेतीनशे धरले तरी १,४००. लोकलची परतीची तिकिटं सगळ्यांची मिळून साडेतीनशेच्या आसपास, मेट्रोचे १००, पाणी आणि वाटेतला चहा-वडापाव ३००. बेरीज ९,३२०. यात कुणी काही फसवलेलं नाही. फक्त ५,४०० सोडून बाकीचं कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. हे दर नमुन्यादाखल धरले आहेत. तुमच्या कॅम्पचे कमीजास्त असतील, पण बेरीज अशीच फुगते.

कुठे जायचं

एका दिवसात परत यायचं तर गिरगावकरांसाठी कर्जत-नेरळचा पट्टा हेच खरं उत्तर आहे. लोकल थेट जाते, नदी दोन तासांवर आहे आणि रात्री उशीर झाला तरी गाडी असते. इथे दोन नद्या लक्षात ठेवा, उल्हास आणि पेज. कर्जत शहराजवळून वाहणारी उल्हास पावसाळ्यानंतर ओसरत जाते आणि उन्हाळ्यात जागोजागी नुसते डोह उरतात. एप्रिलमध्ये 'रिव्हरसाइड' म्हणून घेतलेली जागा कोरड्या गोट्यांच्या पात्रासमोर निघू शकते. पेज नदीला मात्र उन्हाळ्यातही पाणी असतं, कारण टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून वीज काढून झालेलं पाणी तिच्यात सोडलं जातं. हे केंद्र १९२२ सालचं. कशेळे परिसरातले बरेच नदीकाठचे कॅम्प या पाण्यावर चालतात. म्हणून बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हा: नदी कोणती, आणि या महिन्यात पाणी किती? फोटो मागवा, पण या आठवड्यातला. जाहिरातीतला फोटो बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरचा असतो.

नावाचा एक घोटाळा टाळा. भिवपुरी रोड स्टेशन आणि वीजकेंद्राचं भिवपुरी गाव या दोन वेगळ्या जागा आहेत, चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. कॅम्पवाला 'भिवपुरीजवळ' म्हणाला तर उतरायचं स्टेशन नेमकं विचारून घ्या.

कोलाडची कुंडलिका अनेकांच्या डोक्यात असते. तिथे राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर. मुंबईहून अंतर सुमारे १२० किलोमीटर. लहान मुलं घेऊन गिरगावातून निघून ते पाणी गाठायचं तर पहाटे चारला घर सोडावं लागेल, आणि लहान मुलांना राफ्टमध्ये बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. कोलाड मुक्कामासाठी ठेवा.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाचा त्रास नाही, पाणी स्वच्छ असतं, दिवस मात्र लहान असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि आडबाजूच्या रस्त्यावर अंधार लगेच दाटतो.

जून ते सप्टेंबर नदीत उतरायचा बेत आखू नका. कर्जत, खालापूर भागात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जायला प्रशासन दर पावसाळ्यात मनाईचे आदेश काढतं. आदेश निघाला की पोलीस वाटेतूनच परत पाठवतात, तुमची आगाऊ रक्कम मात्र कॅम्पवाल्याकडे राहते. पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही की ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. कौटुंबिक सहलच होती ती. पावसाळ्यात जायचंच असेल तर हिरवळ बघायला जा, ओसरीत बसून भजी खा, पाण्यापासून लांब राहा.

वार निवडताना रविवार शक्यतो टाळा. बहुतेक कॅम्पचा शनिवार-रविवारचा दर वेगळा असतो आणि नाताळ ते ३१ डिसेंबर तर आणखी वेगळा. शिवाय रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. तो साधारण साडेदहा-अकराच्या पुढे ते दुपारी चारपर्यंत असतो, म्हणजे सकाळी लवकर गेलात आणि संध्याकाळी परतलात तर फार अडत नाही. पण साडेनऊला आरामात निघालात तर अडकाल. मुलांच्या शाळेला सुट्टी असलेला मधला वार मिळाला तर सोनंच समजा.

जायचं कसं, किती पडतं

कर्जतसाठी चर्नी रोडहून दादरला जाऊन पूल ओलांडू नका. पिशव्या आणि मुलं घेऊन दादरला चढलात तर दोन तास उभ्याने प्रवास होतो. सीएसएमटीहूनच बसा. गिरगाव मेट्रो स्टेशन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं आहे. तिथून काळबादेवी आणि लगेच सीएसएमटी, तिकीट १० रुपये. पहिली मेट्रो सहाच्या सुमाराला सुटते. त्याआधीची कर्जत लोकल पकडायची असेल तर टॅक्सी करा.

लोकलला सीएसएमटी ते कर्जत दोन ते सव्वादोन तास. द्वितीय वर्गाचं परतीचं तिकीट माणशी शंभराच्या आतच येतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. तिकिटासाठी रेलवन अ‍ॅप चालतं ना, हे आदल्या रात्री बघून ठेवा, सकाळी खिडकीवरच्या रांगेत वीस मिनिटं जातात.

परतताना एक युक्ती कामाला येते. तुमचा कॅम्प कशेळ्याकडे असेल तर नेरळ आणि कर्जत दोन्ही स्टेशनांच्या अंतरात फार फरक पडत नाही. अशा वेळी परतीला कर्जतलाच या. कर्जतहून सुटणारी गाडी तिथे रिकामी लागते, नेरळला येईपर्यंत रविवार संध्याकाळची जागा संपलेली असते. खोपोलीहून येणारी गाडी मात्र कर्जतलाही भरलेली असू शकते, तेवढं बघून घ्या.

स्टेशनबाहेर रिक्षावाला 'स्पेशल' सांगेल. तीन आसनी रिक्षात सहा जण बसवायला तो तयार होईल, तुम्ही होऊ नका. कॅम्पवाल्याला आधीच सांगून ठेवा की इको किंवा सहा आसनी रिक्षा पाठवा, आणि दोन्ही फेऱ्यांचा दर मेसेजवर घ्या. परतीची गाडी ठरवल्याशिवाय कॅम्पवर पोहोचूच नका. आडबाजूची जागा म्हणजे संध्याकाळी रस्त्यावर रिकामी रिक्षा नाही, आणि कॅम्पचा माणूस सांगेल तो दर. एसटीही आहे. कर्जतहून कशेळे, मुरबाडकडे गाड्या जातात. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मं, पंच्याहत्तरीपुढे मोफत. मुख्य रस्त्यावर उतरून कॅम्प एखाद्या किलोमीटरवर असेल आणि आजीचे गुडघे साथ देत असतील तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

गाडी भाड्याने घेताना नीट ऐका. गिरगाव ते कर्जत जाऊन-येऊन १६० किलोमीटरच्या आसपास होतात. पण मुंबईबाहेर जाणाऱ्या गाडीला दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचं बिल लावायची पद्धत आहे. पंधरा रुपये किलोमीटरने तीनशेचे ४,५०० झाले, चालकाचा भत्ता ४००, अटल सेतूने गेलात तर परतीसह ३७५ टोल. एकूण ५,२७५, वर चालकाचं जेवण. कॅम्पवर चालकाच्या जेवणाचे वेगळे पैसे घेतात का, तेही विचारा. 'आठ तास ऐंशी किलोमीटर' हे पॅकेज कर्जतला पुरत नाही, वरच्या प्रत्येक किलोमीटरला आणि तासाला पैसे पडतात. पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतलीत आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो.

स्वतःची गाडी असेल तर इंधनाला अकरा-बाराशे धरा. अटल सेतूला एका वेळचे २५०, त्याच दिवशी परतीसह ३७५. वाशीमार्गे गेलात तर हलक्या वाहनांना मुंबईच्या वेशीवरचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे. पुढे द्रुतगती मार्ग धरायचा की जुना रस्ता, त्यावर बाकीचा टोल ठरतो. आणि वाडीतली गाडी लावायची जागा सकाळी सोडलीत तर रात्री ती मिळेलच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझा कौल लोकलला आहे. भाड्याच्या गाडीच्या तुलनेत सहा जणांमागे तीन-साडेतीन हजार वाचतात आणि संध्याकाळी पनवेलच्या कोंडीत मुलं रडत नाहीत.

पैसे पाठवण्याआधी

बुकिंगच्या फोनवर लाजू नका. 'सगळं इन्क्लुडेड आहे' या वाक्याला काही किंमत नाही. 'आमची अमुक वयाची इतकी माणसं, अमुक तारीख, जीएसटी धरून एकूण किती, आणि त्यात काय काय' असा मेसेज तुम्ही पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. त्यात पुढच्या गोष्टी आल्याच पाहिजेत.

वेळ कोणती? दिवसाच्या पॅकेजची वेळ बहुधा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच-सहा. आठला पोहोचलात तर नाश्ता मिळतो का, की बाहेर थांबवतात? जेवण किती वेळा, शाकाहारी आणि मांसाहारी एकाच दरात का? मासळी किंवा चुलीवरचं चिकन बऱ्याच ठिकाणी वेगळ्या किमतीत असतं. बाहेरचं खाणं चालतं का? दशम्या, चटणी, चिवडा बांधून न्यायची आपली सवय, आणि फाटकावर डबे काढून ठेवायला लावणारे कॅम्प आहेत. लहान बाळाचं आणि पथ्याचं खाणं चालेल असं आधी लिहून घ्या.

तंबू किंवा खोली मिळते का, की दिवसभर झाडाखाली सतरंजी? कपडे बदलायची जागा आणि स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का? पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड आहे का? आजी-आजोबा बरोबर असतील तर हा प्रश्न जेवणापेक्षा महत्त्वाचा. वीज गेली तर काय? तरणतलाव असेल तर नायलॉनच्या कपड्यांची सक्ती असते का? असेल तर घरून न्या, तिथलं भाडं आणि अनामत रक्कम दोन्ही टोचतात. लॉकर, टॉवेल, पार्किंग, शेकोटी, कॅरमची सोंगटी, सगळ्याचं विचारा. मोठ्या आवाजातलं संगीत लावतात का, हेही विचारा. तुम्ही शांततेचे पैसे देत आहात. शेजारी पन्नास जणांचा ऑफिसचा ग्रुप असेल तर नदीचा आवाज येणार नाही. त्या दिवशी एकूण किती लोक आहेत, हे थेट विचारलं की बहुतेक जण खरं सांगतात.

मुलाचं वय कुठून मोजतात? माझ्याकडून एका ठिकाणी पाच वर्षं दोन महिन्यांच्या मुलीचे पूर्ण पैसे घेतले, कारण निम्मा दर 'पाचपर्यंत' होता, 'पाच ते दहा' नव्हे. फोनवर ऐकताना दोन्ही सारखंच वाटलं होतं.

जीएसटी लावणार असतील तर तो कोणत्या दराने, आणि नंबर काय? पंधरा अक्षर-अंकांचा तो नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. नंबर नसताना कर घेता येत नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्या व्यावसायिकालाही ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घ्यायची परवानगी नाही. सेवा शुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, ही वेगळी गोष्ट. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली. बिलात दिसला तर काढायला सांगा. पाण्याच्या बाटलीचं मात्र समजून घ्या. काउंटरवर किंवा टपरीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. टेबलावर बसून वाढलेल्या बाटलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हॉटेलांना जास्त आकारायची मुभा दिली. तेव्हा घरून भरलेल्या मोठ्या बाटल्या न्या आणि कॅम्पवर गाळलेलं पाणी फुकट भरू देतात का ते विचारा.

आगाऊ रक्कम तीस टक्क्यांच्या वर देऊ नका. पैसे व्यवसायाच्या नावाच्या खात्यात जाताहेत ना, हे यूपीआयवर नाव दिसताच बघा. गूगलवर सापडलेला नंबर खरा कॅम्पचाच आहे याची खात्री करा, कारण नामांकित जागांच्या नावाने खोटी बुकिंग पानं उघडून गंडवणारे आहेत. 'आज पूर्ण भरलंत तर चाळीस टक्के सूट' ऐकलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, पहिले काही तास मोलाचे असतात. रद्द केलं तर किती परत, तारीख बदलून मिळते का, आणि प्रशासनाने मनाई केली तर पूर्ण परतावा आहे का, तेही लेखी.

नोंदणी विचारायलाही संकोच करू नका. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आणि साहसी पर्यटन धोरण २०२१ चं. कृषी पर्यटन केंद्राकडे किंवा कयाक, झिपलाइन चालवणाऱ्याकडे पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्र असलं पाहिजे. स्वयंपाकघराचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांकही मागा. जो ही कागदपत्रं दाखवायला कुरकुरतो, त्याच्याकडे मुलांना पाण्यात सोडू नका.

पाणी

पेज आणि कुंडलिकेच्या बाबतीत ध्यानात ठेवा की वीजकेंद्र चालू झालं की पाऊस नसतानाही पाणी चढतं. घोट्याइतक्या पाण्यातला खडक तासाभराने पाण्याखाली असू शकतो. त्या दिवशी पाणी कधी सोडणार, हे कॅम्पवाल्याला माहीत असतं, पोहोचल्याबरोबर विचारा. जीवरक्षक आहे का? 'आमची पोरं पोहतात' हे उत्तर चालणार नाही. नेमका कोण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत काठावर उभा असतो, ते विचारा. लाइफ जॅकेटचे पैसे वेगळे घेणाऱ्याशी घासाघीस करा, पण जॅकेट घेतल्याशिवाय उतरू नका. मुलांच्या मापाची आहेत का आणि पायांमधून जाणारा पट्टा आहे का, हे घालून बघा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. जेवणानंतर पाण्यात जायचं नाही, आणि दारू घेतली असेल तर अजिबातच नाही. गोट्यांवर चप्पल घसरते, मागे पट्टा असलेले सँडल न्या.

प्रवेशद्वारावर 'अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही' अशी पाटी असतेच. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याची जबाबदारी नुसत्या पाटीने संपत नाही. मात्र कोऱ्या किंवा न वाचलेल्या फॉर्मवर सही करू नका आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

बरोबर काय घ्यायचं

प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड, ज्येष्ठांचं तर नक्कीच, कारण एसटीच्या सवलतीसाठी वयाचा पुरावा लागतो. मुलांच्या वयावरून वाद होतो, म्हणून जन्मतारखेचा पुरावा मोबाइलमध्ये. बुकिंगचा मेसेज आणि पैसे भरल्याची नोंद स्क्रीनशॉट करून, कारण तिथे रेंज नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप उघडणार नाही. याच कारणाने दोन हजार रुपये रोख. गाडी असेल तर लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये. सुके कपडे, टॉवेल, डासांचं मलम, नेहमीची औषधं, बॅटरी, कचऱ्याची पिशवी.

बिघडलं तर

कबूल केलेलं मिळालं नाही तर तिथेच फोटो काढा, बिल मागा, आणि मालकाला लेखी कळवा. भांडण तिथे वाढवू नका, परतीची गाडी त्यांच्याच हातात असते. घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कॅम्प रायगडचा असला तरी तुम्हाला अलिबागला जावं लागत नाही, दक्षिण मुंबईच्या आयोगाकडे अर्ज करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही होतो.

निघण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून आजीच्या पर्समध्ये ठेवा: रुग्णवाहिका १०८, पोलीस आणि इतर तातडी ११२, कॅम्प ज्या गावात आहे त्या गावाचं नाव, आणि जवळचं सरकारी रुग्णालय, म्हणजे कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय. नदीकाठी मोबाइल लागेलच असं धरून चालू नका.